खिडकीबाहेरचा माणूस

४ फेब्रुवारी

मामा,

नमस्कार तुला आणि मामीला. दोघांनी वाटून घ्या.

फोनवर मी बोलते ते तुला ऐकू येत नाही आणि तू बोलतोस ते मला पटत नाही, म्हणून तुझ्याच अटीवर पत्र लिहिते आहे. बातमी अशी की मी सिनेमा करते आहे. लहानसा नव्हे, चांगला दीड तासाचा. त्यासाठी नोकरी सोडली. (ही ओळ मामीला वाचून दाखवू नकोस.)

गोष्ट साधी आहे. एक म्हातारा बाप, त्याच्याबरोबर राहणारी मुलगी, आणि लांब राहणारा मुलगा. मुलगा दर वेळी "येतो" म्हणतो आणि येत नाही. दोन खोल्या, एक जिना, एक खिडकी. सगळं शूटिंग मी राहते त्याच घरात. घरमालकिणीला सांगितलंय की थोडे नातेवाईक येणार आहेत.

पैसे माझ्या शिलकीतले आणि तिघा मित्रांनी घातलेले. दोन आठवड्यांचं शूटिंग त्यात बसतं. मग भाड्याचा कॅमेरा परत जाईल, माणसं आपापल्या कामाला लागतील, आणि तोवर जे झालं नसेल ते कधीच होणार नाही. अर्धा सिनेमा हा प्रकार नसतो मामा. आणि दुसऱ्यांदा मला कोणी दारात उभं करणार नाही.

तुझ्याकडे दोन कामं. सोबत खर्चाचा कागद आहे. विंगेत बसून नटांना शब्द पुरवता पुरवता तू नाटक कंपनीच्या दौऱ्याचा खर्चही बघायचास, तेव्हा मी काय विसरले ते सांग. दुसरं म्हणजे बापाच्या भूमिकेसाठी मला तुमच्या कंपनीचे मुख्य नट, सरदार हवेत. इतकी वर्षं तू त्यांचा प्रॉम्प्टर होतास, तुझा शब्द ते मोडणार नाहीत. लोक अजून त्यांचं ते पल्लेदार बोलणं आणि पाठांतर आठवतात. एक शब्द टाक.

तुझी,
भिंगरी


११ फेब्रुवारी

चि. भिंगरी,

आशीर्वाद आधी, तक्रारी नंतर.

नोकरीची ओळ मामीनेच पहिली वाचली, कारण पाकीट तिने फोडलं. म्हणाली, "नावच भिंगरी ठेवलंत, ती एका जागी टिकेल कशी!" मग दुपारभर माझ्याशी बोलली नाही. नोकरी तू सोडलीस आणि अबोला मला.

तुझा कागद पुन्हा पुन्हा वाचला. माझं शिक्षण जेमतेम, त्यामुळे आकडे बोटाने धरून वाचावे लागतात. त्यात चहा कुठे आहे? जेवण आहे, पाणी आहे, चहा नाही. बाळ, आमच्या कंपनीत पडदा फाटला तरी प्रयोग झाला, पण चहा आला नाही त्या दिवशी खलनायकाने तलवार उचलली नाही. चहाला वेगळी ओळ दे, आणि ती ओळ जेवणाएवढीच लठ्ठ असू दे. "किरकोळ" म्हणून खाली चिमूटभर रक्कम टाकली आहेस. किरकोळ हाच खरा खर्च असतो, बाकी सगळे नुसते अंदाज.

जिन्यावरून वायरी जाणार ना? त्यात कोणाचा पाय अडकला तर? मलमपट्टीचं काही धरलेलं नाहीस. एवढे दिवे त्या जुन्या घराच्या विजेला झेपतील का? आणि नातेवाईक येणार म्हणालीस, पण नातेवाईक दिवे घेऊन येतात का? मालकिणीला खरं काय ते सांगून टाक. रात्री मला याच विचाराने झोप लागत नाही.

आता सरदार. माणूस मोठा, यात वाद नाही. पण नाकापेक्षा मोती जड होईल. त्यांचा उजवा गुडघा गेलेला आहे आणि तुझा जिना उभा. सकाळी ते लवकर उठत नाहीत. त्यांच्याबरोबर त्यांचा एक मदतनीस असतो, तो म्हणजे चहापेक्षा किटली गरम. वारा लागला की त्यांचा घसा बसतो. मानधन तर मी विचारायलाही धजत नाही. अंथरूण पाहून पाय पसर.

आमच्या खालच्या मजल्यावर एक निवृत्त कॅशियर आहेत. चेहरा अगदी बापाचा. चार मुलींची लग्नं केलेला माणूस आहे, थकलेलं दिसायला त्यांना अभिनय करावा लागणार नाही. त्यांना बघ.

जेवत जा.

मामा


१९ फेब्रुवारी

मामा,

चहाची ओळ टाकली. तिने दिव्यांच्या ओळीतलं बरंच खाल्लं. मालकीणबाईंना खरं सांगितलं. त्या म्हणाल्या, "मला कळलंच होतं, तुझ्याकडे नातेवाईक कशाला येतील!" आणि आता त्यांना शेजारणीची भूमिका हवी आहे. दिली. घरभाडं वाढवणार नाहीत, म्हणजे ही सगळ्यात स्वस्तात मिळालेली नटी.

तुझे कॅशियर येऊन गेले. गोड माणूस. पण कॅमेरा सुरू झाला की केसांवरून हात फिरवतात, आणि संवाद म्हणताना नोटा मोजल्यासारखा अंगठा चालतो. मी चार वेळा सांगितलं. पाचव्यांदा हात खिशात घालायला लावला, तर खिसा हलायला लागला.

आणखी सहा जणांच्या ऑडिशन घेतल्या. एक जण प्रत्येक वाक्याला रडला. एकाला ऐकू येत नव्हतं आणि ते त्याला मान्य नव्हतं. मग मी सिनेमा वितरित करणाऱ्या माणसाला भेटले. त्याने गोष्ट ऐकलीच नाही. एवढंच विचारलं, "चेहरा कोण?" सरदारांचं नाव घेतलं तेव्हा त्याने मला खुर्ची दिली.

म्हणून मी शूटिंगचे दोन दिवस कमी केले, रंगभूषेची बाई अर्धवेळ केली, गाडी रद्द केली, आणि सरदारांना फोन केला. ते हो म्हणाले. एकूण पैशाचा तिसरा हिस्सा त्यांचा. करार या आठवड्यात.

आता एक स्पष्ट विचारते, राग मानू नकोस. गुडघा, घसा, किटली हे सगळं लिहिलंस, पण ते काम कसं करतील याबद्दल एक अक्षर नाही. त्यांना टाळ्या मिळायच्या आणि तू अंधारात बसायचास, ते अजून सलतं का तुला?

भिंगरी


२६ फेब्रुवारी

चि. भिंगरी,

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी जेवलो नाही. मामी म्हणाली, "भूक नाही की राग आहे ते सांगा, म्हणजे भात किती टाकायचा ते कळेल."

हेवा नाही. एवढंच लिहितो. यावर जास्त लिहायला घेतलं होतं, ते फाडलं.

त्याऐवजी मी सरदारांकडे जाऊन आलो. बरीच वर्षं भेट नव्हती. दार मदतनीसाने उघडलं आणि मलाच विचारलं, "काय विकायचंय?" आतून सरदारांचा आवाज आला. तो मात्र तसाच आहे बाळ, भिंतीला हात लावला तर हाताला जाणवतो. "कोण ते? कुजबुजे का? येऊ द्या त्यांना!" मला ते पहिल्यापासून कुजबुजेच म्हणतात.

टेबलावर तुझी संहिता होती. कोपरे दुमडलेले, पानापानावर चहाचे डाग.

मी म्हटलं, "वाचून झाली वाटतं?"

"वाचून? तोंडपाठ आहे," ते म्हणाले. "पोरगी हुशार आहे तुमची. छोटी छोटी वाक्यं लिहिते. आपल्याला सवय लांब पल्ल्याची."

"मग एखादा उतारा ऐकवा की."

"अहो, आता कशाला? कॅमेऱ्यासमोर ताजं राहिलं पाहिजे." आणि मग हसून म्हणाले, "तुम्ही काय, परीक्षा घ्यायला आलात?"

मी नाही म्हटलं. चहा घेतला. ते जुन्या दौऱ्यांचं बोलत राहिले, मी हो हो करत राहिलो. निघताना त्यांनी माझा हात जरा जास्त वेळ धरून ठेवला. म्हणाले, "कुजबुजे, शूटिंगला तुम्ही असणार ना?" मी म्हटलं, "माझं तिथे काय काम?" ते म्हणाले, "हो, तेही खरंच."

तू करार करणारच, तर माझं एवढं ऐक. सगळी रक्कम आगाऊ देऊ नकोस. त्यांची बोलण्याची दृश्यं पहिल्या दिवशी ठेवू नकोस. संवाद जमतील तेवढे तोड. का, ते विचारू नकोस. म्हाताऱ्या माणसाचा स्वभाव समज.

मामा


२० मार्च

मामा,

हे पत्र ओळखीच्या बसड्रायव्हरच्या हाती पाठवते आहे, टपालाची वाट बघायला वेळ नाही. उत्तरही त्याच्याच हाती दे.

सरदार आले, जिना चढले, गुडघा ठणठणीत आहे. पहिल्या दृश्यात त्यांना नुसतं खुर्चीत बसायचं होतं. ते बसले, आणि माझ्या अंगावर काटा आला. मी मनात तुला चार शब्द सुनावले.

मग बोलण्याचं दृश्य. पहिलं वाक्य आलं. दुसरं नाही. दिवा डोळ्यावर येतो म्हणाले, दिवा हलवला. खुर्ची करकरते, खुर्ची बदलली. चहा गार झाला, चहा केला. तुझी ती लठ्ठ ओळ एका दुपारीच संपली. मी मोठ्या अक्षरांत संवाद लिहून कॅमेऱ्यामागे चिकटवले. त्यांना चष्म्याशिवाय अक्षर लागत नाही, आणि बापाच्या भूमिकेच्या चष्म्याला साधी काच आहे. खरा चष्मा लावला, तर ते वाचताहेत हे आंधळ्यालाही कळेल. कानात बसणारं यंत्र मागवलं. त्यात माझा आवाज आला की ते दचकतात आणि "काय?" म्हणतात.

दोन दिवस गेले. हाती तीन वाक्यं.

शेवटी मदतनीसाला बाजूला घेतलं. तो पाय घासत म्हणाला, "ताई, कंपनीत होते तेव्हा तुमचे मामा असायचे ना."

तुला माहीत होतं. मी तुला कागद पाठवला, विचारलं, हेव्याचा आरोपसुद्धा केला, तरी तू बोलला नाहीस. गुडघा! मामा, तू मला गुडघ्याचं सांगितलंस!

सगळ्यांना सांगितलंय की सरदारांचा घसा बसलाय. तोवर मुलीची आणि मालकीणबाईंची दृश्यं उरकते आहे. ती उद्या-परवाकडे संपतील. नवा बाप घ्यायला पैसे नाहीत, आणि यांनी काम केलेलं टाकून द्यायलाही नाहीत. मग कॅमेरा परत पाठवायचा, एवढंच उरतं.

भिंगरी


२१ मार्च

चि. भिंगरी,

ड्रायव्हर खाली चहा पितो आहे, तोवर लिहितो.

तुझं सगळं बरोबर आहे. तुझ्या जागी मी असतो तर पत्रही लिहिलं नसतं.

पण माझीही बाजू ऐक. विंगेतलं विंगेबाहेर न्यायचं नाही, हे आम्हाला कोणी लिहून दिलं नव्हतं. तरी नट पुढे जाऊन उभा राहतो तो त्याच भरवशावर. मी घरीसुद्धा कधी बोललो नाही. आज मामीला सांगितलं तर ती म्हणाली, "एवढी वर्षं हे पोटात घेऊन झोपलात? म्हणून तुम्हाला अपचन!"

सरदारांना पाठांतर कधीच नव्हतं. म्हातारपणाचं हे नाही, तरुणपणापासूनचं. वाक्याचा पहिला शब्द मी द्यायचा, पुढचं सगळं त्यांचं. लोकांना यात लबाडी वाटेल, मला कधी वाटली नाही. सगळी नाटकं मला पाठ होती, म्हणून काय मला ती करता आली असती? मी शब्द दिला तर तो शब्दच असायचा. त्यांच्या तोंडून निघाला की त्याचा माणूस व्हायचा.

मला वाटलं होतं, सिनेमात तुकडे तुकडे करतात, तेव्हा त्यांचं निभेल. आणि तुला सांगितलं असतं, तर तू त्यांना घेतलं नसतंस, आणि का नाही घेतलं हे चार लोकांनी विचारलं असतं. दोघांनाही सांभाळायला गेलो आणि तुलाच खड्ड्यात घातलं.

मी येतो. याच ड्रायव्हरच्या बसने. मामी पिशवी भरते आहे आणि बोलते आहे, दोन्ही जोरात. मी का आलो हे सरदारांना सांगू नकोस. भाचीचं काम बघायला आलो, एवढंच. जमेल की नाही माहीत नाही. माझा आवाज आता बसलेला आहे, पण कुजबुजायला तो कितीसा लागतो?

मामा


९ एप्रिल

चि. भिंगरी,

सुखरूप पोचलो. चष्म्याचं घर तुझ्या स्वयंपाकघरात राहिलं, बहुतेक डब्याच्या फळीवर. बसमध्ये माझ्या शेजारी एक जण खोकत होता, तेव्हापासून माझाही घसा खवखवतो आहे. वायरी जिन्यावरून काढून घेतल्या ना?

मामीला सगळं बैजवार सांगायला दोन दिवस लागले, कारण ती मध्ये मध्ये प्रश्न विचारते. तिला सांगितलं ते इथेही लिहितो. काही चुकलं असेल तर दुरुस्त कर.

सरदारांना शब्द द्यायला मी टेबलाखाली बसलो इथपर्यंत ती गंभीर होती. मग ती ध्वनिमुद्रण करणारी मुलगी कानावरचं यंत्र काढून म्हणाली, "घरात उंदीर आहे का? मला सारखी खसखस ऐकू येतेय," ते सांगितलं, तेव्हापासून मामी हसते आहे. आमच्या वेळी पहिल्या रांगेलाही माझा आवाज जायचा नाही. तुमचे माइक म्हणजे सासूचे कान.

मी टेबलाखालून निघालो, गुडघे झाडले, आणि मला वाटलं, संपलं सगळं. तेव्हा सरदारच म्हणाले, "कुजबुजे, खाली काय करताय? समोर बसा. ओळखीचं तोंड समोर असलं की बरं वाटतं." सगळ्यांच्या देखत म्हणाले, अगदी सहज. तू तेव्हा माझ्याकडे बघितलंस, मी तुझ्याकडे बघितलं नाही.

आवाज न करता नुसते ओठ हलवायचे, हे मी कधी केलं नव्हतं. पण त्यांना माझ्या ओठांची सवय होती हे मलाही तेव्हाच कळलं. म्हणजे इतकी वर्षं ते ऐकत होते आणि बघतही होते. मी मांडीवरच्या पानावर बोट ठेवायचं, पहिला शब्द ओठांनी म्हणायचा, की पुढचं वाक्य यायचं. तू घाईघाईने कागदावर बापाला एक मुका शेजारी दिलास, जो रोज येऊन समोर बसतो. मुलीला म्हणायला लावलंस, "बाबा तुमच्याशीच बोलतात तेवढे." कॅमेऱ्याला माझी फक्त पाठ. रंगभूषेच्या बाईने अर्ध्या वेळात माझ्या टकलाला पावडर लावली, कारण ते दिव्यात चमकत होतं. यावर मामी म्हणाली, "जन्मभर पडद्याआड काढलात, आणि बाहेर आलात ते टक्कल घेऊन!"

सरदार आणि मी या बाबतीत एक शब्द बोललो नाही. जेवताना ते ओरडून सांगायचे, "आमच्या मुक्याला आधी वाढा, तो मागणार नाही."

शेवटच्या दिवशी खिडकीचं दृश्य. बाप एकटा असतो, समोर शेजारी बसवता येईना. म्हणून मला बाहेरून शिडीवर चढवलंत. मामीला शिडीचं सांगितलेलं नाही, तूही सांगू नकोस. दिवेवाल्याने शिडी धरली होती, पण तो मध्येच शिंकला तेव्हा माझा जीव वर गेला आणि मी खाली राहिलो. त्या दृश्याचं काय झालं मला नीट कळलं नाही. उजेड गेला, तू "झालं" म्हणालीस, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. झालं असेल तर बरंच आहे.

पैसे पुरले का? माझा येण्याजाण्याचा खर्च "किरकोळ"मध्ये टाकला असशील तर काढ.

मामा


२ जुलै

मामा,

चष्म्याचं घर सापडलं, साखरेच्या डब्यात होतं. आत चष्मा नव्हता, तो तुझ्याकडेच आहे ना?

पैसे पुरले. म्हणजे शेवटच्या दिवशी शिल्लक होती ती एक वेळच्या जेवणाची, आणि ते जेवण आपण जेवलो. एडिटिंग करणाऱ्या मित्राने उधारीवर काम केलं. सिनेमा पूर्ण झाला आहे. हे वाक्य मी तीन वेळा लिहून बघितलं, खरं वाटेना म्हणून. वितरकाने पाहिला. पुढच्या महिन्यात एका थिएटरात आठवडाभर लागेल, लोक आले तर पुढेही. तुला आणि मामीला यायचं आहे.

तुझा खर्च कुठे टाकू ते कळत नव्हतं, म्हणून वेगळी ओळ केली. तिच्यावर "मामा" लिहिलंय आणि रकमेच्या जागी रेघ ओढली आहे.

आता महत्त्वाचं. खिडकीच्या दृश्यात बापाचं वाक्य होतं, "आला नाहीस तरी चालेल, पण येतो म्हणू नकोस." सगळा सिनेमा त्या एका वाक्याकडे जावा म्हणून मी धडपडले. सरदारांनी ते म्हटलंच नाही. ते खिडकीत आले, बाहेर बघितलं, बघत राहिले. इतका वेळ बघत राहिले की मी थांबवणार होते. मग त्यांनी मान खाली घातली आणि खिडकी लावून घेतली. उजेड गेला होता, पुन्हा घेता आलं नसतं. मी "झालं" म्हटलं ते रडू दाबून म्हटलं. सिनेमा बुडाला असंच वाटलं होतं.

एडिटिंगच्या टेबलावर तोच तुकडा लावला, आणि मित्राने तो न सांगता पुन्हा पहिल्यापासून लावला. ते वाक्य असतं तर दृश्य निम्मंही झालं नसतं. सरदारांना विचारलं तर म्हणाले, "शब्दांची गरज नव्हती तिथे. नटाला कळतं ते." वितरकानेही विचारलं, तो खिडकीतून नक्की काय बघतो? मी म्हटलं, मुलाची वाट.

पण शिडीवर तू होतास. तुमचं दोघांचं काही ठरलं होतं का? मला खरं सांग. गुडघा नको.

शेवटी नावं येतात, त्यात तुझं काय लिहू? मुका शेजारी हे आहेच. प्रॉम्प्टर म्हणूनही लिहायची माझी फार इच्छा आहे. तो मान तुझा आहे.

भिंगरी


१० जुलै

चि. भिंगरी,

पत्र वाचून मामीने शेजारच्या दोन घरी सिनेमा पूर्ण झाल्याचं सांगितलं. कॅशियर म्हणाले, "मी असतो तर लवकर झाला असता." अंगठा चालूच होता.

थिएटर घरापासून लांब आहे का? परतायला बस मिळेल का? चष्मा माझ्या नाकावरच आहे, काळजी नको.

तू खरं सांग म्हणालीस, तर सांगतो. काही ठरलं नव्हतं. मी चुकलो.

शिडीवर दोन्ही हातांनी धरून उभा होतो, त्यामुळे हातात कागद नव्हता. ते एक वाक्य पाठच होतं, कागदाची गरज नव्हती. पण बाळ, प्रॉम्प्टरचे डोळे कायम कागदावर असतात. विंगेतून मला सरदारांचा एक कान आणि अर्धा गाल दिसायचा, तोही पान उलटताना. तुझ्या टेबलाशी समोर बसलो तरी बोट आणि नजर मांडीवरच्या ओळीवर. त्या दिवशी पहिल्यांदाच बघायला दुसरं काही नव्हतं. ते खिडकीत आले आणि मी त्यांच्या तोंडाकडे बघितलं. किती म्हातारे झालेत ते. आणि बघतच राहिलो. ओठ हलवायचे असतात हेच विसरलो. उभ्या आयुष्यात माझा शब्द कधी चुकला नव्हता, तो तुझ्या सिनेमाच्या शेवटच्या वाक्याला चुकला.

ते काही मुलाची वाट बघत नव्हते. ते माझ्याकडे बघत होते. शब्दाची वाट बघत होते. तो येत नाही असं कळल्यावर त्यांनी खिडकी लावली.

खाली उतरल्यावर ते जिन्यापाशी भेटले. मी म्हटलं, "सरदार, चूक झाली." ते म्हणाले, "कुजबुजे, तुम्ही येणार नाही असं मला कधी वाटलंच नव्हतं हो." तेवढंच. मग गाडीत बसायला मी त्यांना हात दिला. तेव्हा गुडघा खरंच दुखत होता त्यांचा.

हे तुला सांगितलं कारण तू विचारलंस, आणि एकदा न सांगितल्याने काय झालं ते आपण बघितलं. पण आता ते तुझ्यापाशी राहू दे. कोणी विचारलं तर तू म्हणतेस तेच बरोबर, मुलाची वाट. त्यांनाही तसंच म्हणू दे.

प्रॉम्प्टर लिहू नकोस. ते नाव पडद्यावर आलं की लोक विचारणार, कोणाचा? शिवाय ती जागा अंधारातलीच बरी. फार वाटत असेल तर मुक्या शेजाऱ्याच्या खाली लिही, "खिडकीबाहेरचा माणूस". मामी म्हणते, "पण खिडकीबाहेर तर कोणी दिसतच नाही!" मी म्हटलं, "दिसत नाही, तरी होता ना?" ती म्हणाली, "म्हणजे शिडीवर होतात तर." अशी माझ्याच तोंडून ती बातमी गेली. आता महिनाभर ऐकायचं आहे.

तिकिटं काढशील तेव्हा एक बघ. मामी म्हणते कडेच्या खुर्च्या घ्या, यांना मध्येच उठावं लागतं, लोकांच्या पायांवरून जाणं बरं दिसत नाही. तिचं म्हणणं खरं आहे. मी त्या दिवशी सकाळपासून पाणी कमी पिईन. तू मधल्या खुर्च्या घे, अगदी मधल्या. एकदा समोरून बघतो.

मामा